बारावीनंतर नाटक, संगीत, नृत्याला प्रवेश: कशाच्या आधी काय करायचं

निकाल लागला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ऑडिशनला काय करू?" हा प्रश्न खरं तर चौथ्या टप्प्यावरचा आहे. त्याआधीचे तीन टप्पे घाईत उरकले जातात आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडकते. पात्रतेची अट न वाचता भरलेला फॉर्म, मूळ दाखला भलत्याच कॉलेजात जमा, बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत निघून गेलेली मुदत. पीस, म्हणजे ऑडिशनला सादर करायचा तुकडा, मात्र तोंडपाठ!

म्हणून हा लेख क्रमानेच वाचा. तुम्ही अकरावीत असाल तर उत्तम. बारावीचा निकाल हातात असेल, तर पहिले तीन टप्पे याच आठवड्यात संपवा.

टप्पा १: पदवी, पदविका की परीक्षा, हे आधी ठरवा

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. "एनएसडीला जायचंय" असं बारावीतला मुलगा सांगतो, घरचेही तयार होतात आणि मग कळतं की दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते. शिवाय किमान ६ नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या अभिनय अभ्यासक्रमालाही पदवी हवी. मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचा मुख्य अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे. म्हणजे या तिन्ही जागा तुमच्यासाठी आज नाहीत, तीन-चार वर्षांनी आहेत. त्या वर्षांत काय करायचं, तेवढंच आत्ता ठरवायचंय.

बारावीनंतर थेट पदवीसाठी ज्या जागा आहेत, त्यांतल्या काही अशा. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र, जिथे नाटक, संगीत आणि नृत्य तिन्ही आहेत. पुण्यातच भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, संगीत-नृत्यासाठी. मुंबईत नृत्यासाठी नालंदा नृत्यकला महाविद्यालय. गोव्यात कला अकादमीशी जोडलेलं संगीत महाविद्यालय. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठाचं संगीत व मंचकला संकाय आणि छत्तीसगडमधलं खैरागढचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ. बहुतेक ठिकाणी बारावीची शाखा आडवी येत नाही. सायन्सवाल्यांनी उगाच घाबरू नये.

तिसरी गोष्ट गांधर्वच्या, म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, संगीत-नृत्याच्या परीक्षांची. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत ७ परीक्षा असतात आणि घरोघरी असा समज आहे की विशारद म्हणजे बी.ए. झाल्यासारखंच. तसं नाही. ती मानाची परीक्षा आहे, पण विद्यापीठाची पदवी नव्हे. पदवीच्या प्रवेशात तिचा उपयोग तयारीचा पुरावा म्हणून होतो. पुढे दुसऱ्या विषयाची पदवी आणि जोडीला विशारद असेल, तर काही विद्यापीठं संगीताच्या एम.ए.ला घेतात.

उरल्या खासगी अॅक्टिंग अकादम्या. त्यांतल्या काही चांगल्या आहेत. पण पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: "शेवटी जो कागद मिळेल त्यावर कुठल्या विद्यापीठाचं नाव असेल?" उत्तर गोलमोल आलं तर ते प्रमाणपत्र आहे असं समजा आणि त्याच्या किमतीएवढेच पैसे द्या.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक संस्थेचं चालू वर्षाचं माहितीपत्रक उतरवून घ्या आणि 'पात्रता' हा परिच्छेद पेन घेऊन वाचा. वयाची अट, बारावीच्या गुणांची अट, आधीच्या शिक्षणाची अट. मित्राच्या ताईने तीन वर्षांपूर्वी काय केलं, यावर जाऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे. तीन वर्षांनी पदवी की चौथं वर्ष करून ऑनर्स, हेही तिथेच पाहा.

टप्पा २: घरी आणि गुरूंना सांगा

हा टप्पा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. संगीत किंवा नृत्य शिकत असाल, तर अर्ज भरण्याआधी तुमच्या गुरूंशी बोला. नंतर नाही. क्लासमधल्या कुणाकडून त्यांच्या कानावर गेलं की "मला विचारलंही नाही" हे ऐकावं लागतं आणि ते रास्तच असतं. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते गरजेचं आहे. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागेल, पीस तेच बसवून देणार आहेत, आणि कॉलेजात दुसऱ्या घराण्याची गायकी शिकावी लागली तर काय करायचं, हे तेच सांगू शकतील. "सर, मी अर्ज करू का?" असं विचारा. "सर, मी अर्ज केलाय" असं नको.

घरच्यांशी बोलताना 'पॅशन' हा शब्द वापरू नका. त्यावर बाबांकडे उत्तरं तयार असतात. त्यापेक्षा कागदावर चार गोष्टी लिहून द्या: फी किती, राहण्याचा खर्च किती, पदवी कुणाची, आणि यंदा प्रवेश नाही झाला तर काय.

टप्पा ३: कागदपत्रं आणि फॉर्म

कंटाळवाणं काम आहे. पण ऑडिशनमध्ये निवड होऊनही कागदपत्रांच्या टेबलावरून परत आलेली मुलं असतात.

आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, बँकेच्या पासबुकावर मधलं नाव फक्त आद्याक्षर. यातलं स्पेलिंग वेगळं असेल तर आधार दुरुस्ती आत्ताच करून घ्या. फॉर्ममध्ये नाव नेहमी दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, अक्षर न अक्षर तसंच.

मग दाखले. डोमिसाइल, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते. सेतू केंद्रात जूनमध्ये रांग लागते, तेव्हा एप्रिलमध्येच अर्ज टाका. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यावरची तारीख वाचा. जात वैधता प्रमाणपत्र मागितलं असेल आणि अजून हाती नसेल, तर अर्ज केल्याची पावती चालेल का, हे कार्यालयात विचारून ठेवा. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र विभागीय मंडळाकडून काढावं लागतं. त्याला वेळ लागतो. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, गांधर्वची प्रमाणपत्रं, स्पर्धांची प्रमाणपत्रं हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाइलला नाव देऊन ठेवा. 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडे, अशा नावाच्या फाइलींतून ऐन वेळी काही सापडत नाही.

इशारा, मूळ दाखल्याबद्दल: घरचे "सुरक्षित बाजू म्हणून" आधी बी.कॉम.ला प्रवेश घेऊन टाकतात. तिथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा होतो. मग कला महाविद्यालयाची यादी लागते आणि तो दाखला दोन दिवसांत परत मिळत नाही. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, ना-देय प्रमाणपत्र, सही करणारे साहेब रजेवर. असा प्रवेश घ्यायचाच असेल तर दाखल्याच्या साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा आणि प्रवेश रद्द करायची पद्धत व फी परताव्याचे नियम पहिल्याच दिवशी विचारा. परतावा जितका लवकर मागाल तितका जास्त मिळतो.

आता मुदती. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे फॉर्म गेल्या काही वर्षांत बारावीच्या परीक्षेच्या गडबडीतच निघाले आहेत. बनारसचा विचार असेल तर हे विसरू नका. तिथे लेखी गुणांबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही असते. राज्यातल्या विद्यापीठांचे फॉर्म साधारण उन्हाळ्यात येतात. प्रत्येक संस्थेची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा, मोबाइलच्या रिमाइंडरवर विसंबू नका. कालनिर्णय सगळ्या घराला दिसतं.

फॉर्ममध्ये 'अनुभव' असा रकाना असतो. तिथे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून सगळं कोंबू नका. राज्य बालनाट्य स्पर्धा, कॉलेजची एकांकिका, गणेशोत्सवातलं गायन, जे खरोखर केलं ते वर्ष, संस्था आणि भूमिका यांसह लिहा. प्रकाशयोजना सांभाळली असेल, रंगमंचामागे प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) पाहिली असेल, तर तेही लिहा. नाटकवाल्यांना त्याचं मोल कळतं. खोटं लिहाल तर मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडाल, कारण महाराष्ट्रातलं नाटकाचं जग लहान आहे आणि समोर बसलेले त्या स्पर्धेचे परीक्षक असू शकतात.

व्हिडिओ मागितला असेल तर: एकच सलग टेक, कात्री नको, एको नको, नृत्यात पाऊल ते डोकं पूर्ण फ्रेममध्ये. मोबाइल आडवा आणि स्टँडवर. ड्राइव्हची लिंक पाठवली की दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा. परवानगी न दिलेली लिंक ही आजकालची सर्वांत स्वस्तातली हार आहे.

टप्पा ४: पीस निवडा

आता तो प्रश्न.

नाटक असेल तर पहिला नियम: आपल्या वयाच्या आसपासचं पात्र घ्या. सतरा वर्षांचा मुलगा पाठ वाकवून, आवाज थरथरवत म्हाताऱ्या नटाचं गाजलेलं स्वगत म्हणतो, तेव्हा समोरच्यांना त्याच्यातून मूळ नटच ऐकू येत असतो. तुम्हाला कुणी पाहतच नाही. जे स्वगत यूट्यूबवर सापडतं, ते टाळा. छापील संहितेतून घ्या आणि पूर्ण नाटक वाचा. आधीच्या प्रवेशात काय झालं, हे विचारलं जातंच.

दुसरा नियम: पात्र कुणाशी बोलतंय हे स्पष्ट असलेला तुकडा घ्या. नुसती आठवण सांगणारे, दुःख वर्णन करणारे तुकडे जड पडतात, कारण त्यात समोरच्याकडून काही हवं नसतं. एक साधी ओळ घेऊन बघा: "दार मी लावलं नव्हतं." हीच ओळ आईला सांगायची आहे आणि तिने विश्वास ठेवायला हवा. मग तीच पोलिसाला सांगायची आहे आणि खोटं बोलताय. मग तीच स्वतःशी, रात्री, आत्ता लक्षात आलंय म्हणून. शब्द तेच, पण पहिल्यात तुम्ही पुढे झुकाल, दुसऱ्यात हात कुठे ठेवावेत हे सुचणार नाही, तिसऱ्यात 'मी' या शब्दावर थांबाल. तुमच्या निवडलेल्या तुकड्यात असा बदल करून बघता येत नसेल, तर तुकडा बदला.

वेळ दिली नसेल तर दोन-तीन मिनिटांचा ठेवा. दोन पीस तयार हवेत, एकमेकांपासून दूरचे: एक गंभीर, एक हलका; किंवा एक प्रमाण मराठीत, एक तुमच्या बोलीत. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, जी घरात बोलता ती. पुण्याला जायचंय म्हणून कोथरूडची मराठी चिकटवू नका. ऐकणाऱ्याला ती चिकटवलेली लगेच कळते, आणि बोली तर तुमचा हुकमी पत्ता आहे. जोडीला एक कविता किंवा गाणं असू द्या. गाता येत नाही म्हणून सुटका नाही. सूर नसला तरी लय आहे का, ते बघतात.

गायनाला चूक उलट्या बाजूने होते. नाटकवाले पात्र मोठं घेतात, गाणारे राग मोठा घेतात. मारवा किंवा दरबारी घेऊन पदवीच्या प्रवेशाला बसू नका. यमन, भूप, बिहाग, भीमपलास यांतला जो राग तुम्ही झोपेतून उठून गाऊ शकता, तो घ्या. विलंबित ख्याल, द्रुत बंदिश, थोडे आलाप, झेपतील एवढ्याच ताना. सकाळचा एखादा रागही तयार ठेवा. क्रमांक दहा वाजता लागला आणि परीक्षक काटेकोर निघाले तर उपयोगी पडेल. मुलांसाठी विशेष सूचना: आवाज नुकताच फुटला असेल तर पट्टी गुरूंकडून पुन्हा ठरवून घ्या. दोन वर्षांपूर्वी काळी चारमध्ये गात होतात म्हणून आजही तिथेच ओढाल, तर तार षड्ज फाटेल.

तबल्याला तीनतालात पेशकार, एखादा कायदा पलट्यांसह, रेला, काही तुकडे. पण खरी परीक्षा "आता झपतालाचा ठेका धरा आणि लय वाढवू नका" इथे असते. लेहरा, म्हणजे तबल्यामागे सतत वाजणारी धून, कोण धरणार, हे आधी विचारून घ्या.

कथकला तत्कार, आमद, तोडे, परण आणि पढंत. पढंत विसरली जाते. पायांनी येतं ते तोंडाने, हाताने ताल देत म्हणता यायलाच हवं. भरतनाट्यमला अख्खं वर्णम् बसवून आणण्यापेक्षा अडवू (मूळ पदन्यास) तीन काळांत, म्हणजे तीन लयींत, स्वच्छ करा, एखादी जतिस्वरम् पक्की ठेवा आणि अभिनयाचा छोटा भाग. अरमंडी (गुडघे वाकवून अर्धं बसणं) दोन मिनिटांनी वर येते का, तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

टप्पा ५: तालीम, तीही अडथळ्यांची

पीस बसला की बहुतेक जण तोच तसाच शंभरदा करतात. मग ऑडिशनमध्ये परीक्षक मध्येच थांबवतात, "हेच आता रिक्षावाल्याशी भांडताना म्हण" असं सांगतात आणि समोरचा गोठतो. ते थांबवणं अपमान नसतो. तयार कलाकार त्यांना नकोच असतो, तो असता तर कॉलेजात कशाला आला असता? सांगितलेलं ऐकून हा मुलगा लगेच काही बदलू शकतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

म्हणून तालमीत कुणाला तरी समोर बसवा आणि मध्येच सूचना द्यायला सांगा. बसून कर. कुजबुजत कर. तिसऱ्या वाक्यापासून सुरू कर. गाणाऱ्यांनी बंदिश कुठल्याही मात्रेपासून उचलून बघा, तानपुरा बंद करून षड्ज टिकतो का ते पाहा. नाचणाऱ्यांनी आरसा झाकून सराव करा. आरसा नसलेल्या खोलीत अर्ध्या मुलींची नजर कुठे ठेवायची तेच ठरत नाही.

तपासा: ओळखीच्या नसलेल्या चार माणसांसमोर एकदा पूर्ण करून झालं आहे का? घरच्यांची टाळी धरत नाहीत.

टप्पा ६: ऑडिशन आणि मुलाखत

आदल्या दिवशी पोहोचा. मूळ कागद एका फाइलीत, प्रती दुसऱ्या फाइलीत. कपडे हालचाल करता येतील असे. नाटकाला वेशभूषा, मेकअप नको, नृत्याला सरावाची साडी किंवा सलवार-कमीज आणि ओढणी कमरेला बांधलेली. घुंगरू स्वतःचे. तानपुरा मोबाइलवर लावणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन आलापात मावशीचा फोन आलेला ऐकला आहे.

क्रमांक कधी लागेल सांगता येत नाही. सकाळी नऊला बोलावून दुपारी चारला नंबर लागतो. डबा, पाणी ठेवा आणि बाहेर बसून इतरांचे आवाज ऐकत खचू नका. आत गेल्यावर नमस्कार, नाव, काय सादर करणार ते एका वाक्यात. "घसा बसलाय, थोडं सांभाळून घ्या" ही प्रस्तावना नको.

मुलाखतीत ठरलेले प्रश्न येतात. शेवटचं नाटक कुठलं पाहिलं, कुठे पाहिलं, काय आवडलं नाही? गाणाऱ्यांना: कुणाला समोर बसून ऐकलं आहे? इथे वेब सिरीजची नावं घेऊन निभत नाही. त्यासाठी वर्षभर बघावं लागतं. पुण्यात बालगंधर्व, भरत नाट्य मंदिर. मुंबईत दादरचं शिवाजी मंदिर. गावात राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं, जिथे तिकीट अगदी माफक असतं. डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव एकदा भारतीय बैठकीवर बसून ऐका. पाहिलेलं वहीत लिहून ठेवा. 'खूप छान होतं' हे उत्तर नव्हे. एखादा प्रसंग, एखादी जागा सांगता आली पाहिजे.

"पुढे काय करणार?" याला "मालिकेत काम" असं उत्तर दिलं म्हणून कुणी हाकलत नाही. पण मग त्यासाठी तीन वर्षं इथे कशाला, हा पुढचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर तयार ठेवा.

इशारा पालकांना: बाहेर थांबा. आत बोलावलं तरी मुलाला विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊ नका. "आमची तशी लाजाळू आहे हो" या वाक्याने त्या मुलीचं जे नुकसान होतं, ते तिच्या लाजण्याने झालं नसतं.

टप्पा ७: यादी लागल्यावर

गुणवत्ता यादी संकेतस्थळावर लागते, फोन येतोच असं नाही. ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज उघडा. फी भरण्याची मुदत अनेकदा दोन-तीन दिवसांचीच असते, म्हणून पैशांची सोय आधी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती लागू असेल तर प्रवेशावेळीच सांगा आणि अर्ज पोर्टल सुरू झाल्याबरोबर भरा. वसतिगृहाचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, प्रवेशाबरोबर आपोआप मिळत नाही.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर ते नकारासारखं वाचू नका. या शाखांमध्ये गळती होते. कुणाला घरून नाही म्हणतात, कुणी इंजिनीअरिंगला जातं. कार्यालयात जाऊन आपला फोन नंबर बरोबर नोंदवलाय का ते बघा आणि पुढची फेरी कधी ते लिहून आणा. नावच नसेल, तर जवळच्या कॉलेजात कुठल्याही विषयाला प्रवेश घ्या, पण एकांकिका करणारा ग्रुप किंवा चांगले गुरू असलेलं गाव निवडा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला उतरणाऱ्या संघात पडदा ओढायला जरी मिळालं, तरी नाही म्हणू नका. एनएसडीच्या ६ नाटकांची मोजणी तिथून सुरू करायची असेल, तर पुढच्या वर्षी भूमिका मागा आणि प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्या. ग्रुप फुटल्यावर सही करायला कुणी सापडत नाही.